वाहनात कोणी नाही

३ मार्च, सोमवार

आज दंड झाला. गाडी लावली ती जागा चुकीची होती, हे इथे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे माझं माझ्याशीच भांडण नको. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यासमोर माल उतरवायची जागा आहे. तिथे पाच मिनिटांसाठी म्हणून लावली. एका बाईंची कवळी पोचवायची होती. कवळी करणं माझं काम, तोंडात बसवणं डॉक्टरचं, अशी आमची वाटणी आहे. पण बाईंनी तोंड मिटलं की खालची कवळी उचलली जायची. डॉक्टर म्हणाले, "आलाच आहात तर इथेच जरा घासून द्या." पाच मिनिटांचा पाऊण तास झाला.

बाबा मागच्या सीटवर होते. त्यांच्यासोबत दिवसभर थांबणारी बाई सोमवारी सुटीवर असते, म्हणून सोमवारी ते माझ्याबरोबर गाडीतून फिरतात. परत आलो तर काचेवर पावती, आणि बाबा पुढच्या सीटवर पट्टा लावून शहाण्या मुलासारखे बसलेले. पट्टा त्यांना एरवी लावता येत नाही. रोज त्यावरून पट्ट्याला आणि मला शिव्या असतात. मी म्हटलं, "वा, आज जमलं की!" त्यांनी नुसता पट्टा चाचपला. बुटांना ओली माती लागली होती. "उतरला होतात का?" असं विचारलं तर म्हणाले, "दारातच. पाय मोकळे केले जरा."

घरी येईपर्यंत गप्प होते. मीही होतो. दमलो होतो.

४ मार्च, मंगळवार

पावती पुन्हा वाचली, मागची बारीक अक्षरं भिंग लावून. (लॅबमधलं भिंग. दातातली भेग बघायला असतं, आज सरकारी नियम बघायला कामी आलं.) नियम असा: वाहनात कोणी बसलेलं असेल तर आधी वाहन हलवायला सांगायचं, आणि त्याने ऐकलं नाही तरच पावती फाडायची. पावतीवर दोन चौकटी आहेत, 'वाहनात व्यक्ती आहे' आणि 'वाहनात कोणी नाही'. माझ्या पावतीवर दुसऱ्या चौकटीत ठळक खूण आहे.

कोणी नाही म्हणे! सहा फुटी माणूस बसला होता आत.

म्हणजे पावतीच चुकीची. आणि चुकीची पावती रद्द करून घेता येते, तसंही मागे लिहिलंय. दंडाची रक्कम काही घर विकायला लावणारी नाही. मुद्दा तो नाहीच. मुद्दा ताई आहे.

ताईने तिच्या गावातल्या वृद्धनिवासात बाबांचं नाव घालून ठेवलंय. या महिन्याच्या शेवटी तिथली एक खोली रिकामी होतेय आणि तोवर हो-नाही कळवायचंय. जानेवारीत बाबा कचरा टाकायला खाली उतरले आणि दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानदाराने त्यांना घरी आणून सोडलं, तेव्हापासून ती हटून बसलीय. तेव्हा मी चिडून फोनवर म्हणालो होतो, "पुन्हा एकदा जरी हरवले, तर मी स्वतः त्यांना तिकडे आणून सोडतो. शब्द आहे माझा." बाबा शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत होते, हे बरं.

आता ही पावती रद्द झाली तर शिक्क्यानिशी कागद मिळेल की बाबा पाऊण तास एकटे, शांतपणे गाडीत बसून होते. तो कागद ताईच्या हातात ठेवायचा. मग बोल म्हणावं काय बोलायचंय ते.

६ मार्च, गुरुवार

हरकतीचा अर्ज लिहिला. तिसऱ्या खेपेला जमला. पहिल्या दोनमध्ये राग फार होता.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसते. ती मेणात दात रोवते आणि मी पुढचं करतो. इतकी वर्षं शेजारी बसून तिला माझ्या घरातलं सगळं माहीत झालंय. तिने अर्ज वाचला आणि म्हणाली, "भाषा छान आहे. पण एवढा राग पावतीचा आहे की दुसऱ्या कशाचा?"

"पावतीचाच."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा दात रोवायला लागली. तिचं ते 'बरं' मला अजिबात आवडत नाही.

९ मार्च, रविवार

बाबांची दाढी केली. त्यांच्या हनुवटीखाली आता वस्तरा फिरवणं अवघड जातं, कातडं सैल पडलंय. दाढी होईपर्यंत ते मूडमध्ये असतात, म्हणून तेव्हाच विषय काढला.

"त्या दिवशी पार्किंगवाल्याने तुम्हाला काही विचारलं नाही ना?"

"चांगला माणूस आहे तो."

"तुम्हाला काय माहीत चांगला की वाईट?"

"काचेतून पाहिला."

"तुम्ही त्याला पाहिलंत, मग त्याला तुम्ही कसे नाही दिसलात?"

बाबांनी गालावरचा साबण पुसला. मग म्हणाले, "मी वाकलो होतो. चष्मा पडला होता."

हे मला आधी का नाही सांगितलं? यामुळे सगळं जुळतं. त्याने बाहेरून वरवर पाहिलं, डोकं दिसलं नाही, केली खूण. अर्जात हे वाक्य घातलं. बाबांची स्मरणशक्ती अशी खणखणीत आहे, फक्त आपण नीट विचारलं पाहिजे.

मग म्हणाले, "आपली निळी गाडीच बरी होती." ती विकून जमाना झाला. मी म्हटलं, "हो, बरी होती."

१३ मार्च, गुरुवार

कवळ्या पोचवायला पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. गाडी या वेळी लांब, पैसे भरून लावली. तिथे पावत्या फाडणारा पार्किंगवाला उभाच होता. गोलमटोल माणूस, माझ्यापेक्षा थोडा लहान असेल. मी ओळख दिली. तो म्हणाला, "हो, तुमचा अर्ज आलाय आमच्याकडे." मग इकडेतिकडे बघत, "साहेब, एक सांगू? हरकत मागे घ्या. लवकर भरला तर अर्धाच दंड पडतो."

मला मनातून बरं वाटलं. घाबरलाय.

मी म्हटलं, "का? सुनावणीत तुमची चूक बाहेर येईल म्हणून?"

तो रागावेल असं वाटलं होतं. पण त्याने विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"उत्तम आहेत."

"त्यांना एकटं सोडत जाऊ नका."

माझं डोकंच फिरलं. एका ताईने भागत नव्हतं, आता रस्त्यावरचा माणूसही मला वडील कसे सांभाळायचे ते शिकवणार! म्हटलं, "तुम्ही गाड्या सांभाळा." आणि निघालो.  अर्जात बाबांचं वय लिहिलंय, ते वाचून बोलला असणार.

१८ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. निवासवाल्यांनी तिला पुन्हा विचारलंय.

"तू किती दमलायस ते तुझ्या आवाजात कळतं रे."

"मी दमलेलो नाही."

"स्वतःचं जेवण तरी वेळेवर करतोस का?"

"ताई, बाबा ठणठणीत आहेत. पंचवीस तारखेला सुनावणी आहे. तेवढी होऊ दे, मग बोलू."

"कसली सुनावणी?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाऊण तास तू त्यांना गाडीत एकटं ठेवलंस?"

हिला सगळ्यातून हेच बरोबर सापडतं.

खरं म्हणजे मी दमलोय. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. संध्याकाळी लॅबमधून आलो की जिन्यात दोन मिनिटं उभा राहतो आणि मगच कुलूप उघडतो. पण दमलो म्हणून कोणी आपल्या बापाला देऊन टाकत नाही. मी लग्न केलं नाही, मला मूलबाळ नाही. बाबा गेले की त्या घरात मी आणि फ्रिजचा आवाज एवढंच उरणार. भीती वाटते.

२३ मार्च, रविवार

परवा सुनावणी. बाबांना साक्षीला न्यायचं ठरवलंय. त्यांना बघितल्यावर दुसरं काही सांगायची गरजच पडणार नाही. ताठ बसतात, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतात.

जेवताना थोडी तयारी करून घेतली.

"विचारलं तर काय सांगायचं?"

"मी गाडीत होतो."

"आणि?"

"वाकलो होतो. चष्मा शोधत होतो."

तीनदा विचारलं, तीनदा बरोबर सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, "त्या माणसाचं काय होईल?"

"होणार काय? शेरा बसेल. बसू दे, पुढच्या वेळी नीट बघेल."

बाबांनी चमचा खाली ठेवला. मग फेरीबोटीची गोष्ट सुरू झाली. बाबा जन्मभर नदीच्या फेरीबोटीवर तिकिटं तपासायचे. एका भारी कपड्यातल्या माणसाकडे तिकीट नव्हतं. त्याने उलट तक्रार केली की बाबांनी त्याला धक्का मारला. मारला नव्हता. पण शेरा बसला, आणि मुख्य तपासनीस व्हायचं ते कायमचं राहून गेलं. त्या माणसाचा रुमाल कोणत्या रंगाचा होता, तेही बाबा सांगतात. सकाळी काय खाल्लं ते मात्र आठवत नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की त्यांच्याआधी मीच पुढचं वाक्य म्हणू शकतो.

जेवण तसंच टाकून उठले. भूक नाही म्हणाले. सूप गरम करून पुन्हा दिलं, तेही नको.

२५ मार्च, मंगळवार

सगळं नीट क्रमाने लिहितो. नाहीतर उद्या मला वेगळंच आठवेल.

कचेरीतल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एक माणूस हलला की सगळी रांग हलायची. बाबांनी कोट घातला होता. पार्किंगवाला समोरच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने बाबांना बघून मान लववली. बाबांनीही लववली. मी म्हटलं, सभ्य लोक.

सुनावणी घेणारी बाई तरुण होती. चष्मा डोक्यावर सरकवलेला, समोर फायलींचा ढीग. तिने माझा अर्ज चाळला आणि पार्किंगवाल्याला विचारलं, "यांचं म्हणणं आहे, गाडीत यांचे वडील होते. तुम्ही 'कोणी नाही' अशी खूण केलीत. आत नीट पाहिलं होतं का?"

त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नीट पाहायचं राहिलं असेल, मॅडम. माझी चूक."

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मला आनंद झाला. आता लिहायला लाज वाटते, पण झाला.

बाई लिहायला लागली. "मग पावती रद्द करते. तुमच्या नोंदीत निष्काळजीपणाचा शेरा जाईल. हा दुसरा ना?"

"हो."

"दुसऱ्यानंतर बढती थांबते, माहीत आहे ना?"

"हो, मॅडम."

तेवढ्यात बाबा उठले. उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. "बाई, जरा थांबा," ते म्हणाले. "ते लिहू नका. मी गाडीत नव्हतो."

मी त्यांचा कोट ओढला. "बाबा, बसा." आणि बाईकडे बघून म्हणालो, "मॅडम, त्यांचा गोंधळ होतो कधी कधी."

हे मी म्हणालो. महिनाभर मी जगाला ओरडून सांगत होतो की बाबांचा गोंधळ होत नाही.

"होतो," बाबा म्हणाले. "माझा गोंधळ होतो. पण यात नाही."

मग त्यांनी सांगितलं. मधे मधे थांबत होते, शब्द शोधत होते, पण सांगितलं. मी येईना म्हणून ते उतरले. मला शोधायला गेले आणि गाडी कुठली तेच विसरले. डोक्यात निळी गाडी होती, आमची जुनी. रस्त्याच्या टोकाला एक निळी गाडी दिसली. तिचं दार ओढत बसले. उघडेना. गाडीचा मालक आला, आणखी दोघं जमले, कोणीतरी चोर म्हणालं. ते फुलझाडांच्या वाफ्यात अडखळले. तेव्हा हा माणूस आला. त्याने गर्दी हटवली. बाबांचा हात धरला आणि सबंध रस्ता एकेक गाडी दाखवत विचारत आला, ही का, ही का. आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर बाबांचा चष्मा पडलेला होता, त्यावरून ओळख पटली. त्याने त्यांना पुढे बसवलं, पाणी पाजलं, पट्टा लावून दिला.

"मी याला म्हटलं, माझ्या मुलाला सांगू नका. याने नाही सांगितलं. आजसुद्धा नाही सांगितलं. आणि तुम्ही याला शेरा देता? माझ्यासाठी?"

बाईने चष्मा डोळ्यांवर ओढला. "हे खरंय?" तिने पार्किंगवाल्याला विचारलं.

"पावती आधीच लावून झाली होती, मॅडम. तेव्हा गाडीत खरंच कोणी नव्हतं. हे मला नंतर भेटले. एकदा निघालेली पावती मला मागे घेता येत नाही."

"मग हे आत्ता का नाही बोललात?"

"ते नको म्हणाले होते ना."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हरकत मागे घेतो." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.

बाहेर आल्यावर मी त्या माणसाकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोच म्हणाला, "माझ्या आईचं असंच होतं, साहेब." आणि टोपी घालून कामावर गेला. मी आभारसुद्धा मानले नाहीत. मानायला हवे होते.

गाडीत मी बाबांना पट्टा लावला. ते म्हणाले, "ताईला तू सांगतोस की मी सांगू?"

"काय सांगायचं?"

"तू शब्द दिलायस तिला."

म्हणजे जानेवारीतलं माझं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. आज त्या खोलीत उठून उभं राहताना त्यांना माहीत होतं की यानंतर आपल्याला घर सोडावं लागेल. माहीत असून ते उठले.  ते म्हणाले, "चल, भूक लागलीय." आणि आज खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२६ मार्च, बुधवार

ताईला फोन केला नाही. काम फार होतं.

२८ मार्च, शुक्रवार

आजही नाही.

विचार करतोय की सांगायची गरज आहे का. तो पार्किंगवाला बोलणार नाही, सुनावणीवाल्या बाईला काय पडलंय. दंड भरून टाकला. ताईला एवढंच सांगायचं की तांत्रिक कारणाने हरलो. खोटं नाही तेही. सोमवारी आणखी एक बाई ठेवू. दाराला वरून कडी लावू. कडी लावायच्या विचारानंतर मात्र स्वतःचाच राग आला.

शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "काय झालं सुनावणीचं?" मी म्हटलं, "हरलो." या वेळी तिने 'बरं'सुद्धा म्हटलं नाही. माझ्या ट्रेमधल्या दोन कवळ्या तिने आपल्याकडे घेतल्या आणि मला लवकर घरी पाठवलं.

२९ मार्च, शनिवार

सकाळी बाबा चहा घेताना म्हणाले, "परवा मी कोट घालून कुठे गेलो होतो?"

मला वाटलं चेष्टा करतायत. तशी नव्हती. पुसलं गेलं होतं सगळं. कचेरी, बाई, शेरा, ताईला दिलेला शब्द, काहीच नाही. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो: सुटलो. आता तर बाबांनाही माहीत नाही.

मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते जमेना. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. निळी गाडी, वाफा, हात धरून आणणं, टेबलाचा आधार घेऊन उठणं. मधे काही गाळलं नाही, मी काय म्हणालो तेसुद्धा. ते कान देऊन ऐकत होते, दुसऱ्या कोणाचं तरी ऐकावं तसं. संपल्यावर म्हणाले, "धीट म्हणायचा म्हातारा."

"हो."

"त्याने बोलायला नको होतं असं वाटतं का तुला?"

"नाही," मी म्हटलं. "बरं झालं बोलला."

"मग पुढे काय झालं त्याचं?"

मी फोन घेतला आणि त्यांच्यासमोर बसूनच ताईला लावला. ती "काय रे, सकाळी सकाळी?" म्हणेपर्यंत मी सांगायला सुरुवात केली होती. बाबा हरवले होते. मी पाऊण तास आत होतो. मला माहीतही नव्हतं. लोक त्यांना चोर म्हणाले. मला हे एकट्याला होत नाहीये, ताई.

आता ती म्हणेल, 'मी सांगत नव्हते का?' मी वाट बघत होतो. ती म्हणाली, "तू रडतोयस का?"

"नाही. आवाज बसलाय जरा."

समोरून बाबा मोठ्याने म्हणाले, "रडतोय गं तो. तू ये."